चार नांवांचें एक नगर

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. तिला “नगर पाहावें वसवून” असा एक तिसरा चरण जोडण्यास हरकत नसावी. घर बांधणारास एका कुटुंबाची सोय पाहावयाची असते, लग्न करणारास दोन कुटुंबांची. परंतु नगर वसविणारास अद्याप जन्मास न आलेल्या सहस्रावधि कुटुंबांची सोय पाहावी लागते. त्यांच्या घागरी कोठें भरतील, त्यांचें सांडपाणी कोठें जाईल, त्यांच्या गाड्या एकमेकींस अडणार नाहींत यासाठीं रस्ता किती रुंद असावा, याचा विचार त्याला आधींच करून ठेवावा लागतो. हा विचार ज्यानें केला त्याचें नांव लोक बहुधा विसरतात. त्यानें आणलेलें पाणी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पितात.

हे विचार आमच्या मनांत आले ते डोणगांवीं. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील हें गांव नागपुराहून जालन्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर आहे. वाटेवरच्या गांवांची एक रीत असते. मूळ गांव देऊळ, पार आणि विहीर यांच्याभोंवतीं वसलेलें असतें. पुढें रस्ता मोठा होतो आणि गांव त्याच्याकडे तोंड करून वाढूं लागतें. जो आला त्यानें मिळेल तेथें दुकान टाकलें, दुकानामागें घर बांधलें, घरामागें आणखी घर. हें गांव अमक्यानें आंखलें असें कोणाहीविषयीं म्हणतां येत नाहीं. परंतु आतां त्याच टापूंतून मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग गेला आहे. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर १९२२ मध्यें नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, आणि अखेरचा टप्पा जून २०२५ मध्यें. या मार्गालगत नवीं नगरें वसवावयाचीं अशी योजना शासनानें आंखली, आणि तींत मेहकर तालुक्यांतील साबरा-काब्रा व सिंदखेडराजा तालुक्यांतील माळ सावरगांव यांचीं नांवें आलीं. म्हणजे ज्या मुलुखांत आजवर गांवें आपोआप वाढलीं, तेथें नगर कागदावर आधीं आंखण्याची गोष्ट निघाली. अशा वेळीं आपल्याच रस्त्यानें पश्चिमेस जावें आणि चारशें वर्षांपूर्वीं आंखून वसविलेलें एक नगर डोळसपणें पाहावें, असें आम्हांस वाटलें. तें नगर म्हणजे खडकी, पुढें फत्तेनगर, पुढें औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर.

वाटेवरचें सिंदखेड

डोणगांवाहून निघालें म्हणजे प्रथम मेहकर लागतें. अकबराच्या काळीं हें वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें ठाणें होतें. आज तें शार्ङ्गधर बालाजीच्या मूर्तीसाठीं विख्यात आहे. ही मूर्ति १८८८ सालीं जमिनींतून निघाली. मेहकरानंतर सुलतानपूर, बिबी, दुसरबीड हीं गांवें ओलांडलीं कीं सिंदखेडराजा येतें. जिजाऊसाहेबांचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजीं येथील राजवाड्यांत झाला, हें आपल्या घराघरांतील मुलांस ठाऊक आहे. परंतु वाड्याच्या भव्य दरवाज्यासमोर उभे राहून परत फिरणारांस आमचें सांगणें असें कीं, त्यांनीं मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनीं नटलेली पुतळा बारव हींही अवश्य पाहावीं. जाधवरावांनीं वाडा बांधला, तसें पाणीही राखलें. ज्या मुलुखांत चार महिने नभाकडे आणि आठ महिने विहिरीकडे पाहावें लागतें, तेथें राज्यकर्त्याची परीक्षा तलावावरूनच होते.

सिंदखेड आणि खडकी यांचा संबंध केवळ एका रस्त्याचा नव्हे. लखुजी जाधवराव हे निजामशाहींतील मातबर सरदार. ते पुढें मलिक अंबराशीं न पटल्यामुळें मोगलांकडे गेले, आणि अखेरीस १६२९ सालीं निजामशहानें त्यांना दौलताबादेस पुत्रांसह दग्यानें मारविलें. उलटपक्षीं त्यांचे जांवई शहाजीराजे १६२४ च्या भातवडीच्या रणांगणांत मलिक अंबराच्या बाजूनें लढले. सासरे-जांवई दोन छावण्यांत विभागले गेले, आणि मध्यें उभें होतें तें अंबराचें नवें नगर.

विकलेल्या मुलाचें नगर

या नगराच्या संस्थापकाचें चरित्र कादंबरीसारखें आहे. तो १५४८ च्या सुमारास हबसाणांत जन्मला. त्याचें मूळ नांव चापू. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात बगदादपर्यंत पोंचला, आणि तेथून समुद्रमार्गें दक्षिणेंत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा मुख्य प्रधान चंगीजखान यानें त्याला विकत घेतलें. हा चंगीजखान स्वतः हबशीच होता. धन्याच्या हाताखालीं हिशेब, वसूल, लष्कर हीं सारीं कामें अंबर शिकला. १६०० सालीं अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हातीं पडला आणि निजामशाही संपली असें दिल्लीस वाटलें, तेव्हां या माणसानें राजघराण्यांतील एक पुरुष गादीवर बसवून बुडालेलें राज्य पुनः उभें केलें. जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत दक्षिणेंत पुढें दीर्घकाळ आदर्श मानली गेली.

अशा पुरुषानें १६१० सालीं दौलताबादेपासून जवळच, खाम नदीच्या कांठीं, खडकी नांवाच्या लहानशा गांवीं राजधानी वसविली. जागेची निवडच विचार करण्याजोगी आहे. दौलताबादचा किल्ला अजिंक्य खरा, पण किल्ल्यांत नगर मावत नाहीं. खडकीस उत्तरेकडे डोंगर, पश्चिमेकडे नदी, आणि दक्षिणेकडे पैठणच्या बाजूस उतरत जाणारी जमीन. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनींतून जिरत याच बाजूस येतो. नगर बसवावयाचें तें पाण्याच्या उतारावर, हा विचार येथें स्पष्ट दिसतो.

१६१२ मध्यें अंबरानें मोगलांवरील विजयाचें स्मारक म्हणून भडकल दरवाजा उभारला. जामा मशिदीचें मूळ कामही त्याच्याच काळचें. जवळच नौखंडा महाल झाला. सरदारांना वसाहतीसाठीं जागा नेमून दिल्या गेल्या. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हीं जुन्या पुऱ्यांचीं नांवें मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठे सरदारांवरून पडलीं असें परंपरा सांगते. हबशी प्रधानाच्या राजधानींत मराठ्यांचे पुरे वसावे, यांत त्या काळच्या दक्षिणेचें खरें चित्र आहे.

परंतु नगरास दृष्ट लागण्यास वेळ लागला नाहीं. १६१६ मध्यें जालन्यानजीक रोषणगांव येथें अंबराचा पराभव झाला आणि मोगली फौजांनीं खडकीची धूळधाण केली. पांच वर्षांनीं, १६२१ सालीं, तोच प्रकार पुनः झाला. एवढे आघात सोसूनही नगर पुनः उभें राहिलें. याचें कारण आमच्या मतें जमिनीवर शोधूं नये. तें जमिनीखालीं आहे.

जमिनीखालची नदी

अंबराची नहर परंपरेनें १६१७-१८ च्या सुमाराची मानितात. म्हणजे पहिल्या विध्वंसानंतर थोडक्याच काळांत या नगरानें आपल्यासाठीं पाणी आणिलें. तिची रचना समजण्यास कठीण नाहीं, आणि ती मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे.

उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशीं जमिनींत जें पाणी झिरपतें, तें एका भूमिगत बोगद्यांत गोळा करावयाचें. बोगद्याला शहराच्या दिशेनें अगदीं हलका उतार द्यावयाचा. उतार फार झाला तर पाणी बांधकाम खाऊन टाकील, आणि कमी झाला तर गाळ बसेल. पुढें पाणी चुन्यांत बसविलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून न्यावयाचें. वाटेंत ठिकठिकाणीं मनुष्य उतरूं शकेल अशीं विवरें ठेवावयाचीं, म्हणजे गाळ काढतां येतो. कांहीं ठिकाणीं दगडचुन्याचे उंच मनोरे बांधावयाचे. पाणी त्यांत एका बाजूनें वर चढतें व दुसरीकडून खालीं उतरतें. त्यायोगें नळांत कोंडलेली हवा निसटून जाते, दाब मर्यादेंत राहतो, आणि नळ फुटत नाहींत. शेवटीं हें पाणी पुऱ्यापुऱ्यांतील हौदांत पडतें. मोट नाहीं, बैल नाहीं, इंजिन नाहीं. रात्रंदिवस पाणी आपल्याच वजनानें चालत येतें.

ही विद्या मूळची इराणकडील. बालपणीं अंबर ज्या मुलुखांतून विकला जात आला तेथें असले भुयारी पाट जुने होते. त्यानें ते तेव्हां पाहिले असावेत, असा तर्क केल्यास तो फारसा चुकणार नाहीं. त्याच सुमारास, १६१५ मध्यें, त्याचा प्रतिस्पर्धी अब्दुल रहीम खानखानान याच्या बऱ्हाणपुरांतही अशीच भूमिगत योजना झाली. ती कुंडी भंडारा या नांवानें ओळखली जाते. रणांगणावर भांडणारे दोन पक्ष पाण्याच्या बाबतींत एकाच गुरूचे शिष्य होते! पुढें सुमारे १७५० मध्यें नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजचें पाणी पुण्यांतील हौदांत खेळविलें, तेंही याच जातीचें काम. पुण्याच्या पेठांत ज्यांच्या आज्या-पणज्यांनीं हौदावर घागरी भरल्या, त्यांना खडकीची थोरवी निराळी सांगण्याची गरज नाहीं.

मोगल काळांत या मूळ नहरीस आणखी नहरी मिळाल्या. बेगमपुऱ्याची थत्ते नहर आणि पाणचक्कीची नहर या त्यांपैकीं प्रसिद्ध. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीवर नहरीचें पाणी उंच भिंतींतून चढून हौदांत कोसळतें, आणि त्याच्या वेगानें पूर्वीं जातें फिरून धर्मशाळेंतील फकिरांचें पीठ दळलें जात असे. एकाच पाण्यानें तहान भागवावी, दळण दळावें, आणि उन्हाळ्यांत हवाही गार करावी. काटकसर म्हणतात ती हीच.

पुरे आणि दरवाजे

अंबर १६२६ सालीं वारला. त्याची कबर खुलदाबादेस आहे. त्याचा मुलगा फत्तेखान यानें नगराला फत्तेनगर असें आपलें नांव दिलें. पण १६३३ मध्यें दौलताबाद मोगलांनीं घेतली आणि तें नांव अल्पायुषी ठरलें. १६५३ सालीं औरंगजेब दुसऱ्यांदा दक्षिणेचा सुभेदार होऊन आला, तेव्हां नगर औरंगाबाद झालें. बादशहा म्हणून तो १६८२ मध्यें येथें पोंचला, आणि मराठ्यांच्या धास्तीनें त्यानें शहराभोंवतीं तट घातला. अंबराच्या नगराला पाणी आधीं मिळालें. तट त्यानंतर साठांहून अधिक वर्षांनीं.

तटाला चार दिशांस चार मुख्य दरवाजे: उत्तरेस दिल्ली, पूर्वेस जालना, दक्षिणेस पैठण, पश्चिमेस मक्का. दरवाज्याचें नांव म्हणजे रस्त्याची पाटी. एकाच नगराच्या एका वेशींतून एकनाथांच्या पैठणास वाट जाते आणि दुसरीचें नांव मक्केवरून पडतें, हें मोठें मौजेचें आहे. यांशिवाय लहान दरवाजे पुष्कळ. बावन्न पुरे आणि बावन्न दरवाजे अशी लोकांची बोली आहे. दिल्ली, पैठण, मक्का आणि भडकल हे दरवाजे आजही उभे आहेत.

आपला जुना चौसोपी वाडा ज्यानें पाहिला आहे त्याला या शहराची आंखणी लवकर कळेल. वाड्याला देवडी तशी शहराला वेस. वाड्यांत चौक तसा शहरांत सिटी चौक. चौकाभोंवतीं सोपे तशा चौकाभोंवतीं सराफा, गुलमंडी, राजाबाजार, शहागंज या पेठा. आणि प्रत्येक बिऱ्हाडाचें जसें आपलें न्हाणीघर, तसा प्रत्येक पुऱ्याचा आपला हौद. राजाबाजारांतील संस्थान गणपतीला शहर आपलें ग्रामदैवत मानतें. बिकानेरच्या राजा कर्णसिंहावरून कर्णपुरा आणि पद्मसिंहावरून पदमपुरा झाला; त्या कर्णपुऱ्यांतील देवीची नवरात्रांतील यात्रा आज साऱ्या शहराची झाली आहे. राजपूत सरदार लढाईसाठीं आले, छावणी पुरा झाली, आणि पुऱ्यांत देवी राहिली.

याच पुऱ्यांत एक जयसिंगपुरा आहे. ज्या मिर्झा राजा जयसिंगानें १६६५ मध्यें पुरंदरचा तह घडवून आणला, त्याचें नांव या वसाहतीनें राखलें आहे. त्याचाच खापरपणतू सवाई जयसिंग यानें १८ नोव्हेंबर १७२७ रोजीं जयपुराचा पाया घातला. हिशेबखात्यांतून पुढें आलेल्या विद्याधर भट्टाचार्य नांवाच्या बंगाली ब्राह्मणाच्या साहाय्यानें तें नऊ चौकड्यांत आंखलें गेलें. काटकोनांत छेदणारे सरळ व रुंद राजमार्ग, आणि एका बाजूस डोंगर आड आला म्हणून एक चौकडी उचलून दुसरीकडे बसविलेली. २०१९ मध्यें जागतिक वारशांत त्याची गणना झाली, ती योग्यच झाली. परंतु जयपुराची आंखणी डोळ्यांस दिसते, म्हणून तिचें कौतुक होतें आणि ती जपली जाते. खडकीची आंखणी बहुतेक जमिनीखालीं आहे. ती डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तिचा विसर पडतो.

विसराची किंमत

हा विसर महाग पडला आहे. १७६३ मध्यें निजामानें राजधानी हैदराबादेस नेली आणि शहराची रया गेली. पुढें शहर पुनः वाढलें. २०११ च्या शिरगणतींत त्याची वस्ती सुमारे ११ लाख ७५ हजार भरली. वाढतां वाढतां नळांवर पाये खोदले गेले, विवरें बुजलीं, डोंगरपायथ्याचें जिरणारें पाणी विंधनविहिरींनीं ओढलें, तट बहुतेक नाहींसा झाला. शहराला पाणी पुरवितें तें पैठणजवळचें जायकवाडी धरण. त्याची कोनशिला १९६५ मध्यें लालबहादूर शास्त्री यांनीं बसविली आणि उद्घाटन १९७६ मध्यें इंदिरा गांधी यांच्या हस्ते झालें. धरण प्रचंड आहे. पण तें शहराच्या खालच्या अंगास असल्यानें पाणी यंत्रानें उपसून वर चढवावें लागतें. अंबराचें पाणी डोंगरावरून उतरत येई. आमचें पाणी विजेच्या बळावर चढत येतें. अलीकडील वर्षांत या शहरांतील कित्येक घरांस नळाचें पाणी आठवड्यांतून एकदां, किंवा त्याहूनही उशिरां मिळालेलें आहे. ज्या दिवशीं पाणी यावयाचें त्या दिवशीं घरांतील सुनेनें रात्रभर जागावयाचें, पिंपें भरावयाचीं, आणि पाहुणे येणार असल्यास तिथीवाराआधीं नळाचा वार पाहावयाचा!

येथें एका भ्रमाचें निरसन केलें पाहिजे. चारशें वर्षांपूर्वींच्या नहरी आज एवढ्या मोठ्या शहराला पुरतील असें आमचें म्हणणें नाहीं. त्या पुरणार नाहींत. परंतु ज्या नहरी अजून वाहतात त्यांचें पाणी बागा, धुणेंभांडें, आणि अवर्षणांतील अडीअडचण यांस उपयोगी पडेल. शिवाय तें फुकट येतें. वडिलांनीं बांधलेली विहीर साऱ्या शेताला पुरत नाहीं म्हणून शहाणा मुलगा ती बुजवीत नाहीं.

नव्या नगराला चार प्रश्न

आतां पुनः डोणगांवाकडे वळूं. आपल्या टापूंत जें नगर कागदावर आंखलें जाईल, त्याच्या नकाशांत रुंद रस्ते असतील, बागा असतील, गोदामें आणि शाळा असतील. तो नकाशा ग्रामस्थांपुढें येईल तेव्हां घरांतील शिकलेल्या मंडळींनीं तो केवळ आपला सर्व्हे नंबर शोधण्यासाठीं उघडूं नये. त्याला चार प्रश्न विचारावे. पहिला: या नगराचें पाणी कोठून येणार, आणि वीज बंद पडली तर किती येणार? दुसरा: पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें जाणार, आणि त्या वाटेवर कोणी बांधकाम करूं नये म्हणून काय योजना आहे? तिसरा: हें सारें आणखी पन्नास वर्षांनीं साफ कोण करणार? चवथा: ज्यांची जमीन जाणार त्यांना या नगरांत पुरा मिळणार कीं वेशीबाहेरची जागा?

या चौथ्या प्रश्नाचें महत्त्व आम्हांस सर्वांत अधिक वाटतें. खडकींत मराठे सरदारांचे पुरे झाले, राजपुतांचे झाले, फकिरांचें पीठही नगराच्याच पाण्यावर दळलें गेलें. म्हणून तें नगर दोनदां उजाड होऊनही पुनः वसलें. ज्या नगरांत मूळ गांवकऱ्याला हक्काचें अंगण नाहीं, तें नकाशावर कितीही सुबक दिसो, तें नगर नव्हे, ती छावणी. आणि छावणीचें नशीब इतिहासांत सर्वांना ठाऊक आहे.

एका विकल्या गेलेल्या मुलानें परक्या मुलुखांत येऊन, जेथें त्याचें स्वतःचें कुळ नव्हतें, जात नव्हती, वतन नव्हतें, तेथें दुसऱ्यांच्या लेकरांसाठीं पाणी आणिलें. नगराचें नांव तीन वेळां बदललें, पण त्यानें दिलेला पाण्याचा उतार बदलला नाहीं. येत्या सुटींत वाचकांनीं मुलांना घेऊन वेरूळ-अजिंठ्यास जावें, बिबीचा मकबराही पाहावा; पण एक सकाळ राखून पाणचक्कीवर उभें राहावें, आणि ज्या भिंतींतून पाणी चढतें त्या भिंतीला मुलांना हात लावावयास सांगावा. दगड गार लागेल. तो गारवा कोणीं, कधीं आणि कशासाठीं आणला, हें मुलें आपण होऊन विचारतील. आणि उद्यां एखाद्या नव्या नगराचा नकाशा त्यांच्या हातीं आला तर तीं प्रथम पाण्याची रेघ शोधतील.